मनगटाच्या चेंडूला तेल पाजलं!

मंडळी, टायपिंगने दुखणाऱ्या मनगटासाठी मी व्यायामाचा चेंडू घेतला होता. त्याच्या आतलं जड चाक दोरी ओढून सुरू करायचं आणि मनगट गोल हलवत राहायचं. मग ते घूंऽऽ करत वेग घेतं.

आज सकाळी बाबा वैतागले. "कायले एवढा बोंबलून राहिला हा? तेल दे त्याले!" आणि सायकलीचं तेल स्वतःच ओतलं.

आवाज थांबला. चाकही थांबलं! दहादा दोरी ओढली, मनगट फिरवलं, पण चाकाचा आस कडेच्या खोबणीत पकडच घेईना, नुसता घसरायचा. हा चेंडू घर्षणावरच चालतो, हे तेव्हा कळलं.

बायको म्हणाली, "तुमच्यावानीच आहे तो. लाड केले का काम बंद."

तेल काढायचा उपाय कोणाकडे आहे? लवकर सांगा, बाबा ग्रीसचा डबा शोधून राहिले.