पायघोळ झगा आणि सायकल

सायकलच्या चेनला तेल सोडलं, की त्या वासाबरोबर मला पाटसच्या थांब्यासमोरचा मोठा फ्लेक्स आठवतो. भांडगावात एका दुकानात मला हिशेबाचं काम मिळालं होतं. आमच्या वस्तीपासून ते चार किलोमीटर, एसटीची वेळ जमत नव्हती, आणि सुनेनं सायकलवर जायला सासूबाईंचा सक्त नकार होता. सोमवारपर्यंत सोय झाली नसती, तर काम दुसऱ्या कोणाला गेलं असतं. बाजार करून आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो, उसाच्या ट्रॉल्यांची धूळ नाकात जात होती. फ्लेक्सवर कपड्यांच्या कुठल्याशा कंपनीची शहरी मुलगी पायघोळ झगा वाऱ्यावर सोडून, एका हातात कॉफी घेऊन सायकल चालवत होती. सासूबाईंनी कपाळावर हात धरून तिला न्याहाळलं. "आगं, हिच्या चेनला कव्हर न्हाई. झगा अडकला की तोंडावर आपटंल की ही!" शेजारी उभे असलेले वस्तीवरचे आप्पा हसले, "तिला कुठं चालवायचीय, आक्का? फोटूपुरती बसलीया." "मग बसावं की नीट," म्हणत सासूबाई माझ्याकडं वळल्या, "तू जाशील तवा ओढणीला मागं गाठ मार. आन् कव्हर बसवूनच घे." त्यांना आपला नकार आठवायच्या आत मी तिथंच ओढणीला मागं गाठ मारून दाखवली. सोमवारी मी सायकलवर गेले. आता तो फ्लेक्स नाही, काम आहे. वस्तीवरच्या आणखी दोघी सोबत असतात, आणि निघताना सासूबाई दारातून तिघींच्याही गाठी तपासतात.