सरदारनं शेवटी ठेवलेली सीडी

सरदार पठाणचा फोटो कंपनीच्या बोर्डावर नऊ वेळा लागला. माझा एकदाही लागला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना ध्यानात असलेलं बरं.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आम्ही दोघांनी एकाच लेथवर तेवीस वर्षं काम केलं. एका वेळी नाही. तो पहिल्या पाळीला असला की मी दुसऱ्या, पंधरा दिवसांनी बदल. गाठ पडायची ती पाळी सुटताना, दहा मिनिटं. तेवढ्यात तो लोखंडाचा कीस ब्रशनं खाली ओढायचा, मशीनवर तेलाचा हात फिरवायचा आणि मग स्वतःचे हात धुवायचा. बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या. नखं दर शुक्रवारी कापलेली. मशीन तो स्वच्छच द्यायचा. त्यात खोट निघायची नाही. मी काढून पाहिली आहे.

खोट रॅकमध्ये होती. करायच्या कामांची कार्डं रॅकला लावलेली असत. माझा नियम साधा होता, जुनी तारीख आधी. सरदार तारीख बघायचाच नाही, सेटिंग बघायचा. लेथवर एक काम लावायचं तर टूल, गिअर, वेग सगळं त्या कामापुरतं जुळवावं लागतं. त्यात पाऊण तास जातो. म्हणून एकाच सेटिंगमध्ये बसणारी चार-पाच कार्डं तो निवडून घ्यायचा आणि पाळीभर तीच चालवायचा. नग भराभर पडायचे. जे कार्ड सेटिंग मोडणार ते रॅकलाच राहायचं, त्याची तारीख जुनी व्हायची. मग मी यायचो आणि जुनी तारीख बघून तेच काढायचो.

असं राहिलेलं कार्ड बहुतेक उलट्या आट्यांचं असायचं. साधा नट उजवीकडं फिरवला की आवळतो. काही डावीकडं फिरवल्यावर आवळतात. सायकलचं डावं पायडल तसंच बसतं. हे आटे कापताना टूल रोजच्या उलट दिशेनं चालतं आणि हातालाही उलट जावं लागतं. सवयीनं गेला की टूल मोडलंच. पाळीत सरदारचे शंभर नग व्हायचे तिथं माझे चाळीस. बोर्डावर आकडा लिहिला जायचा, सगळ्यांत मोठ्या आकड्याचा फोटो लागायचा. काम कोणतं होतं ते लिहायची पद्धत नव्हती.

तो माझ्याहून चांगला कारागीर होता, की नुसता निवडण्यात हुशार? तेवीस वर्षं मला एवढंच पाहायचं होतं. दोन पाळ्यांत ते दिसायची सोय नव्हती.

तेरा साली आम्ही चार महिन्यांच्या अंतरानं रिटायर झालो. दोघंही मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडच्या शेजारशेजारच्या गल्ल्यांत. मागचं ज्वारीचं रान तोवर प्लॉटिंगमध्ये गेलं होतं. तिथं सात मजल्यांच्या इमारती उठल्या, प्रत्येकीनं बोअर पाडला आणि आमच्या हातपंपातून हवा यायला लागली. सोळा सालच्या उन्हाळ्यात नळ सहा दिवसांनी यायचा, तोही पाऊण तास.

त्या वर्षी जानेवारीत सरदारचा मुलगा हारिस नोकरीला शारजाला गेला. जाताना टीव्हीवर खेळायचं गेमचं मशीन आणि सीड्यांचं एक खोकं घरी ठेवून गेला. तीन वर्षं तो चिकलठाण्याच्या मॉलमधून सीड्या आणत होता. आणायचा आणि बारा तासांच्या ड्यूटीवर जायचा. शेहेचाळीस सीड्यांपैकी आठ उघडलेल्या होत्या. अडतीस सीड्यांचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

त्याचा फोन आला. "अब्बा, खोलीत आम्ही सहा जण आहोत. माझी एक फळी. पंधरा सीड्या मावतील. जूनमध्ये येतो तेव्हा मशीन नेतो. तोवर तुम्ही न उघडलेल्या खेळून बघा, चांगल्या तेवढ्या पंधरा काढून ठेवा."

सरदारची बायको राहतभाभी म्हणाल्या, "बाप कू ड्यूटी लगा दिया बेटा."

सरदारला हेच हवं होतं. त्यानं नियम केला, चार लेव्हल खेळल्याशिवाय पास नाही आणि रिजेक्टही नाही. आणि पहिले दहा दिवस तो काहीच खेळला नाही. एकेक सीडी लावायची, कोणत्या बटणानं काय होतं ते चित्र टीव्हीवर काढायचं, कागदावर उतरवायचं, कागद डब्याला चिकटवायचा. मी रोज सकाळी दहाला जाऊन बसत होतो. अकराव्या दिवशी सीड्यांचे दोन गठ्ठे लागले होते. उजव्या अंगठ्यानं उडी, त्या सतरा. मागच्या बोटानं ब्रेक किंवा गोळी, त्या वीस.

"सेटिंग," तो म्हणाला. "बोटं एकदा बसली की सतरा होईपर्यंत हलवायची नाहीत."

एक सीडी दोन्ही गठ्ठ्यांत नव्हती. विमानाची. मी डबा उलटून पाहिला. मागं बिल चिकटलेलं होतं, तेरा सालचं.

"ही सगळ्यांत आधी घेतलेली आहे," मी म्हणालो. "ही आधी लाव."

"ही शेवटी."

"का?"

"कुणाशी जुळत नाही. पुढं ढकललं की खाली जातंय, मागं ओढलं की वर."

"विमान तसंच असतं."

"तू कधी बसलास?"

"तू बसलास?"

राहतभाभी आतून म्हणाल्या, "दोनोंच नहीं बैठे, और विमान पे झगड रे."

मी डबा परत ठेवला. पण माझ्या मनात काहीतरी जागेवर आलं. हा माणूस आता एकाच पाळीत माझ्यासमोर काम करणार होता. आणि ही सीडी पुढच्या पाळीवर टाकायची सोय नव्हती. पुढची पाळीच नव्हती.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल गेला. सरदार सकाळी पाणी बघायचा, दहाला बसायचा, वीज असेल तोवर खेळायचा. बसायची पद्धत लेथवरचीच, पाठ ताठ, कोपरं अंगाशी. हातातला रिमोट घट्ट धरायचा नाही, नुसता टेकवलेला. पडला, मेला, हरला तरी चेहरा हलायचा नाही. पुन्हा लावायचा. चार लेव्हल झाल्या की कागदावर पास किंवा रिजेक्ट. एका सीडीत शेती होती, दर दोन मिनिटांनी पाऊस पडायचा. ती त्यानं चार लेव्हल खेळून रिजेक्ट केली. कारण विचारलं तर म्हणाला, "मेहनतच नाही त्यात."

हे मला पटलं, आणि त्याला आधी सुचलं याचा राग आला.

गल्लीतले लोक जाता-येता डोकावायचे. "सरदारभाई, आज कुठली?" "सरदारभाई, किती राहिल्या?" मला कोणी काही विचारत नव्हतं. मीही सकाळी टँकरला दोन तास उभा राहून दोनशे लिटरचा ड्रम बादलीनं भरून आलेलो असायचो. शुक्रवारी नमाजानंतर हारिसचा फोन यायचा. राहतभाभी तो मोठ्या आवाजावर ठेवायच्या. "अब्बा, ती तुम्ही चार दिवसांत केली? माझ्या मित्राला महिना लागला." सरदार नुसता हसायचा. मी चहा लवकर संपवायचो.

घरी जाताना मी दर वेळी एकच विचारायचो, "विमान?"

"शेवटी."

मेच्या शेवटी सदतीस झाल्या. चौदा पास, तेवीस रिजेक्ट. हारिस आठ जूनला येणार होता. सदतिसावी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सरदारनं मशीनवर कपडा टाकलेला.

"चौदाच निघाल्या म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"विमान?"

"रिजेक्ट."

"न लावता?"

त्यानं कपड्याची कड सारखी केली.

"इन्स्पेक्शनवाल्यानं तुझा नग न मोजता फेकला असता तर काय म्हणाला असतास?"

"मोतीराम, तू घरी जा."

राहतभाभी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लगाओ ना जी. डरते क्या?"

त्यानं कपडा काढला.

पहिल्या दिवशी विमान चौदा वेळा पडलं. मी मोजलं. वर न्यायचं की तो पुढं ढकलायचा आणि विमान जमिनीत. थांबायचा, अंगठ्याकडं बघायचा, पुन्हा तेच. सदतीस सीड्यांत न हललेला चेहरा त्या दिवशी हलला. कानशिलावरून घाम खाली आला. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण झाला तो आनंदच होता आणि मी दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी, साडेनऊलाच गेलो.

पण तो सोडेना. चार दिवसांत तीन लेव्हल केल्या त्यानं. कशाबशा, दात आवळून. पाचव्या दिवशी चौथी लागली. विमानाच्या एका पंखातून धूर, आणि डोंगरांच्या मधल्या आखूड पट्टीवर ते उतरवायचं. अशात गल्लीतून ओरडा आला, पाणी आलं.

नळ चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. राहतभाभींचे गुडघे धरलेले, पाइप गच्चीवर न्यायचं काम सरदारचंच. आमच्या गल्लीचा वार वेगळा होता, मला उठायचं कारण नव्हतं.

"हे धर," त्यानं रिमोट माझ्या हातात कोंबला. "बंद करू नको. पुन्हा पहिल्यापासून जाईल."

"मी काय करू?"

"पडू देऊ नको." आणि तो गेला.

रिमोट मी त्याआधी कधी धरला नव्हता. पण चार दिवस बघून बटणं पाठ झाली होती. विमान खाली जात होतं. मी मागं ओढलं, ते वर आलं. डावीकडं कललं, मी सरळ केलं. विचार करावा लागत नव्हता. हात उलटाच जात होता, आपोआप, जसा तेवीस वर्षं गेला. पट्टी जवळ आली. थोडं पुढं, थोडं मागं. चाकं टेकली. धुरासकट विमान थांबलं आणि टीव्हीवर अक्षरं आली.

राहतभाभींनी ताट खाली ठेवलं. "उतार दिये मोतीरामभाई."

अर्ध्या तासानं सरदार आला. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसला.

"एकदाच केलंस?"

"एकदाच."

"तुझ्या हाताला उलटं बसलंय," तो म्हणाला. मग चपला काढत, "म्हणून तर ठेवत होतो."

"काय ठेवत होतास?"

"कार्डं."

"सेटिंग मोडते म्हणून ठेवायचास."

"मग काय म्हणायचं होतं? उलटे आटे येत नाहीत म्हणू? नव्वद साली दोन टूल मोडली एका पाळीत. फेकून दिली, कुणाला सांगितलं नाही. तू दुसऱ्या पाळीला आलास आणि तेच काम करून गेलास. सकाळी बघितलं तर नग ओळीनं लावलेले."

"आज सांगतोस हे?"

"तू जळायचास माझ्यावर. मला दिसायचं ना. तू जळतोस तोवर मला वाटायचं, मी बरा कारागीर आहे." त्यानं पायजम्याची कड पिळली. "सांगितलं असतं तर ते गेलं असतं."

मला जे पाहायचं होतं ते दिसलं होतं. मला वाटलं होतं, दिसलं की शांत होईन. तसं काही झालं नाही. आधी वाटायचं की बोर्डाला माहीत नाही, साहेबाला माहीत नाही. आता कळलं की एका माणसाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, आणि तोच फोटोत उभा होता.

"कागदावर काय लिहू?" त्यानं विचारलं.

"चार लेव्हल झाल्या. पास लिही."

दुसरा दिवस शुक्रवार होता. मी जाणार नव्हतो. गेलो. तो फोनवर कुणाचं नाव घेतो ते ऐकायचं होतं.

नमाजानंतर फोन आला. राहतभाभींनी आवाज मोठा केला.

"अब्बा, झाल्या सगळ्या?"

"झाल्या. पंधरा निघाल्या."

"विमानाची पण? ती मला जमलीच नसती. काय अब्बा, कमाल आहे तुमची."

सरदारनं फोन या हातातून त्या हातात घेतला. मी चहाच्या कपाकडं बघत होतो.

"शेवटची लेव्हल मोतीरामनं केली," तो म्हणाला. "माझ्याच्यानं झाली नाही." आणि फोन माझ्या हातात दिला.

"चाचा? खरंच? तुम्ही कशी काय केली?"

सरदार खोक्यात सीड्या रचायला लागला होता. रचलेल्याच होत्या. सांगता आलं असतं. तुझ्या बापाला उलटे आटे येत नाहीत, एवढंच वाक्य होतं.

"चारपैकी तीन लेव्हल तुझ्या बापानं केल्या," मी म्हणालो. "चार दिवस लागले. हात बसत नव्हता तरी सोडलं नाही. मी फक्त चौथी केली."

"म्हणजे अब्बांनीच केली की," हारिस हसला. "तीन काय नि चार काय."

मी फोन परत दिला आणि निघालो.

जेवढं झालं होतं तेवढंच मी सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा वाटायला लागलं, हात बसत नव्हता तरी सोडलं नाही, हे कौतुक सांगायची काही गरज नव्हती.