वडिलांचा हुकलेला माल

माझे वडील तीर्थपुरीत भंगार घेतात. माझ्या जुन्या शाळेतले बंद पडून असलेले संगणक ते उचलणार होते, तेव्हा मी तिथल्या सरांकडून एक दिवस मागून घेतला. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जमेल की नाही याची धाकधूक होती. मी त्यांवर लिनक्स हे संगणक चालवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि केबलने ते एकमेकांना जोडले. एकावर लिहिलेलं पान दुसऱ्यावर उघडलं, तेवढ्यात वडील, म्हणजे आमचे दादा, टेम्पो घेऊन आले.

मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "फुकटचं बराबर चालतं का रे?"

"जुन्या मशीनवर बी चालतं, दादा. कुणाला बी वाटता येतं. म्हणून तर मला आवडतं."

सरांनी संगणक शाळेतच ठेवून घेतले, त्यामुळे परतताना टेम्पो रिकामाच होता. मी शेजारी बसलो होतो आणि दादा वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोरानं माझा माल पळवला!"