वरच्या फळीवरची नळी

अर्डिसला पुरून आले त्या दुपारी लॉयल बायर्ली घरात गेला नाही. स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली भांडी झाकून ठेवलेली होती, कॉफी उकळत होती, माणसं हळू आवाजात बोलत होती. तो घराला वळसा घालून मागच्या शेडमध्ये शिरला. अंगातला काळा कोट तसाच ठेवून तो लेथपाशी उभा राहिला आणि वरच्या फळीकडे बघत राहिला.

फळीवर पाइनच्या लाकडाची एक लांबट पेटी होती. पेटीत मेणकापडात गुंडाळलेली रायफलीची नळी होती. ती नळी अर्डिसची होती आणि अर्डिसने ती पुरती वापरलीच नाही, हे दुःख त्याला त्या क्षणी बायको गेल्याच्या दुःखाहून वेगळं काढता येईना.

उत्तर पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात, हेम्लॉक रनच्या खोऱ्यात, मे महिना उजाडला की रविवारी चांदमारी भरते. ओढ्याच्या अलीकडे सिमेंटची टेबलं आणि वर पत्रा. पलीकडे, हजार यार्डांवर, डोंगराच्या पायथ्याशी कागदाची निशाणं. त्या निशाणांखाली खंदकात बसून मर्ल हॉस्टेटर वर्षानुवर्षं कागद खाली ओढत होता, भोकांवर चिकटपट्टी लावत होता आणि कागद पुन्हा वर ढकलत होता. तिथे दुकानातली रायफल घेऊन कुणी येत नाही. आणली तर लोक काही बोलत नाहीत, फक्त कॉफीचा कप हातात देतात आणि बसायला मागचा बाक दाखवतात. रायफल ज्याची त्याने घडवायची, नाहीतर लॉयलकडून घडवून घ्यायची.

लॉयल दिवसा कारखान्यात लेथवर असायचा आणि हिवाळाभर आपल्या शेडमध्ये. नळीचं पोलाद आलं की तो आधी ते नुसतं हातात धरून बसायचा. मग लेथवर चढवून, काट्याचं माप लावून, तिचं छिद्र कुठे वाकलंय ते शोधायचा. कितीही नामांकित कारखान्याची असो, आतून अगदी सरळ अशी नळी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यासारखं प्रत्येक छिद्र कुठेतरी अंग चोरतंच. लॉयल तो बाक शोधायचा, त्या बाजूला टोच्याने एक बारीक खूण करायचा आणि नळी अशी बसवायचा, की खूण बरोबर वर यावी. बाक आडवा गेला तर गोळी कुठे जाईल ते वाऱ्यालाही सांगता येत नाही. वर गेला तर माणूस तो सांभाळून घेतो. मग काडतुसाचं घर कापायचं. पातं केसभर आत घालायचं, बाहेर काढायचं, कीस पुसायचा, तेल सोडायचं, पुन्हा केसभर आत. एखाद्या नळीला त्याचा आठवडा जाई. अक्रोडाचा रुंद दस्ता, त्यात रायफलीचं पोलाद हलू नये म्हणून त्याच्याच मापाने ओतलेला लुकणाचा बिछाना, आणि पापणी मिटावी इतका हलका खटका. एवढं करून लॉयल ती रायफल अर्डिसच्या हातात द्यायचा.

कारण नेम तिचा होता. लग्नानंतर दोन-चार वर्षं लॉयल स्वतः गोळ्या मारायचा. लेथपुढे दगडासारखा असलेला हा माणूस वाऱ्यापुढे उतावळा व्हायचा. अर्डिस शेजारी बसून वारा दाखवणारे झेंडे बघायची. गवळ्याची पोर ती, बापाच्या कुरणात वारा गवतावरून कसा लोळतो ते बघत वाढलेली. "थांब," म्हणायची, "अजून थांब." तो थांबायचा नाही. शेवटी एका रविवारी तो उठला आणि म्हणाला, "तूच बस." त्यानंतर ती उठली नाही आणि त्यालाही पुन्हा बसावंसं वाटलं नाही.

नळीचं आयुष्य ठरलेलं असतं. प्रत्येक गोळीमागे आत जाळ उठतो आणि पोलादाचा गळा थोडा जळतो. दोन-तीन हंगाम झाले की नळी निकामी. निकामी नळ्या लॉयल परसात आणून टाकायचा आणि अर्डिस त्या मातीत ठोकून घेवड्याचे वेल वर चढवायची. "साऱ्या खोऱ्यात माझ्याइतके सरळ खांब कुणाच्या घेवड्याला नाहीत," ती पाहुण्यांना सांगायची. लॉयल म्हणायचा, "सरळ नाहीत ते." ती म्हणायची, "घेवड्याला काय कळतंय?"

आणि मग ती नळी आली. दिसायला बाकीच्यांसारखीच. लॉयलने तिला काही वेगळं केलं नव्हतं, हे तो शपथेवर सांगायचा. पहिल्याच सामन्यात अर्डिसच्या दहा गोळ्यांची भोकं एका चहाच्या बशीखाली झाकली गेली. हजार यार्डांवर. पुढच्या रविवारी तेच, त्यापुढच्या रविवारी वारा असतानाही तेच. त्या भागात अशा नळीला गुणगुणी म्हणतात. शेकडो नळ्यांत एखादी निघते, का निघते ते कुणाला ठाऊक नाही, आणि बहुतेकांच्या जन्मात निघतच नाही. मर्ल खंदकातून तो कागद घेऊन स्वतः चालत आला. तो कधी येत नसे.

चौथ्या रविवारी लॉयलने नळी उतरवून ठेवली.

"काढलीस कशाला?" अर्डिसने विचारलं.

"जपायला."

"कशासाठी?"

"हंगामाच्या शेवटच्या सामन्यासाठी. रोजच्या रविवारी जाळायची वस्तू नाही ही."

तिने दुसऱ्या नळीवर हंगाम काढला. शेवटच्या सामन्याच्या दिवशी वारा उलटसुलट होता. लॉयल म्हणाला, अशा वाऱ्यात गुणगुणी वाया जाईल, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिला सर्दी होती. त्यापुढच्या वर्षी गोळ्यांचा नवा साठा आला होता आणि त्याचा भरवसा नव्हता. दरवर्षी नव्या वर्षाच्या दिवशी, डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी जेवून झाल्यावर, लॉयल शेडमध्ये जायचा, पेटी उघडायचा, नळीला बाहेरून तेलाचा हात फिरवायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. आत कधी त्याने साफ करायचा गज घातला नाही. गजाने ओरखडा गेला तर? काहीजणांनी विकत मागितली, त्यांना त्याने शेडबाहेर काढलं.

अर्डिस सुरुवातीला हसायची. मग विचारायची. मग एकदा सकाळी नाश्त्याच्या वेळी, तव्यावरून त्याच्या ताटलीत वाढताना, मान वर न करता म्हणाली, "लॉयल, ती नळी तू माझ्यासाठी ठेवलीयस, की माझ्यापासून?"

त्याला राग आला. जगात कुणा नवऱ्याने बायकोसाठी एवढं जपून ठेवलं नसेल, असं तो म्हणाला. ती म्हणाली, "तेही खरंच."

त्या वसंतात तिने विचारणं सोडलं. लॉयलला बरं वाटलं, हिला पटलं एकदाचं. त्याच वर्षी त्याचा भाऊ डेल अंथरुणाला खिळला आणि लॉयल दर मंगळवारी विल्यम्सपोर्टला त्याच्यापाशी जाऊन बसू लागला. संध्याकाळी परत आला की अर्डिस परसात असायची, गालावर ऊन लागलेलं, जेवण तयार. रविवारी मात्र तिचा नेम ढळू लागला होता. वय झालं, ती म्हणायची.

पानं गळू लागली तेव्हा तिने सांगितलं. उजव्या डोळ्यात मधोमध धूर बसला होता. कडेचं दिसायचं: झेंडे, झाडं, डोंगर. ज्याच्याकडे बघायचं तेवढंच नाहीसं व्हायचं. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, की हे थांबणारं नाही.

"तेव्हाच का नाही बोललीस?" लॉयलने विचारलं. "तेव्हा बोलली असतीस तर मी ती चढवली असती."

अर्डिस डावा डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहिली. बहुधा त्याच्या कानाकडे, कारण तसं चेहरा तिला दिसत नसणार.

तो हार मानणारा नव्हता. डावा डोळा चांगला होता. डाव्या खांद्याचा दस्ता करायचा, गुणगुणी त्यात बसवायची, मे महिन्यात पहिल्याच सामन्यात मारायची. आता वारा बघायचा नाही, काही बघायचं नाही. तिच्या बापाच्या अंगणातल्या अक्रोडाचा शेवटचा ओंडका त्याने काढला आणि थंडीभर कोरत बसला. मधूनमधून तिला बोलावून गालाचं माप घ्यायचा. ती निमूट गाल टेकवायची. "छान बसतोय," म्हणायची. डिसेंबरपासून तिला खोकला लागला. नव्या वर्षाच्या दिवशी ती उठली नाही, म्हणून त्या वर्षी पेटीही उघडली गेली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही फुप्फुसं भरली. दस्ता अर्ध्यावर राहिला.

एप्रिलमध्ये चांदमारीच्या क्लबाचे लोक आले. म्हणाले, मे महिन्यातला पहिला सामना अर्डिसच्या नावाने करू. लॉयल म्हणाला, मी मारीन. तिच्या रायफलीने, तिच्या नळीने. दहा गोळ्या. त्याला काय म्हणायचंय ते त्या माणसांना कळलं. त्यांनी टोप्या काढल्या. जाताना त्यांतल्या एकाने क्लबाने नुकतीच घेतलेली, नळीच्या आत बघायची दुर्बीण त्याच्यापाशी ठेवली आणि म्हणाला, इतकी वर्षं पडून आहे, आत गंज नाही ना ते बघ.

लॉयलने पेटी खाली घेतली. मेणकापड उलगडताना त्याचा हात थबकला. कापडाची घडी त्याची नव्हती. कडा आत घेतलेल्या, चादरीला घालतात तशी घडी होती. आजारी असताना तिने कधी पुसून ठेवली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

दुर्बिणीची काडी त्याने श्वास रोखून आत सरकवली आणि डोळा लावला.

आत पाणी आटलेलं तळं होतं. गळ्यापाशी पोलाद भेगाळून चिखलाच्या खपल्यांसारखं तडकलं होतं आणि गोळीला पीळ देणाऱ्या रेघांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. अशा नळ्या त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. त्या परसात ठोकतात.

कुणीतरी नळी बदलली, हा पहिला विचार. त्याने ती खिडकीपाशी नेली. टोच्याची खूण त्याची होती. आट्यांपाशी त्याच्याच हाताने उमटवलेली अक्षरं होती. त्याने पुन्हा दुर्बीण लावली. मग ती ठेवली, गाडी काढली आणि मर्लकडे गेला.

मर्ल चांदमारीवर खंदकातला गाळ उपसत होता. लॉयलला बघून त्याने फावडं भिंतीला टेकवलं. त्याला कळलं होतं.

"मंगळवारी," मर्ल म्हणाला. "तू डेलकडे जायचास ना. तू गेलास की ती यायची. नळी घरूनच चढवून आणायची, घरी जाऊन उतरवायची. तुझ्या पान्याचा नळीवर ओरखडा राहू नये म्हणून चिंधी गुंडाळायची म्हणे."

"तू मला सांगितलं नाहीस."

"नको म्हणाली. म्हणाली, लॉयलला कळलं तर नळी पेटीत घालेल आणि वरून मलाही."

लॉयल खंदकाच्या काठावर बसला. खाली ओल होती, त्याला भान नव्हतं. "कागद कुठायत?"

"एकही ठेवला नाही तिने. मी भोकं बुजवायचो, तोच कागद वर."

"कशी मारत होती?"

मर्लने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "सुरुवातीला एकच चिकटपट्टी लागायची. सगळ्या भोकांना मिळून एक. मी खाली एकटा बसून हसायचो, लॉयल. ती तिकडे हसत असायची. आवाज इथपर्यंत येत नाही, पण दुर्बिणीतून दिसायची."

"आणि मग?"

"मग काय. उन्हाळा सरला तशी भोकं पसरत गेली. नळी जळत होती, का तिचा डोळा, मला काय कळणार. शेवटी शेवटी कागदावर भोकच नसायचं. गोळी मागच्या मातीत. तरी ती मारायची. मी लाल पाटी वर करून दाखवायचो, लागली म्हणून."

"खोटं?"

"खोटं."

"तिला कळत होतं?"

"तिला हजार यार्डांवरचा वारा कळायचा. मी कळणार नाही?"

ओढ्याला वितळलेल्या बर्फाचं पाणी आलं होतं, त्याचाच काय तो आवाज. मर्ल फावडं उचलायला वळला आणि तसाच, पाठमोरा, म्हणाला, "एकदा मीच म्हटलं, लॉयलला घेऊन ये की. बघू दे त्यालाही. म्हणाली, आणलं असतं. पण तो गोळ्या मोजत बसेल."

मे महिन्यातल्या त्या सामन्याला लॉयल गेला नाही. त्या सकाळी तो परसात होता. डोंगराआडून गोळ्यांचे आवाज येत होते, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. जुन्या नळ्या रांगेत उभ्या होत्या, गंजून तांबूस झालेल्या. घेवडा कुणी पेरला नव्हता. रांगेच्या टोकाला त्याने खड्डा खणला आणि गुणगुणी त्यात उभी केली. ठोकण्याआधी, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याने टोच्याची खूण शोधली आणि ती वरच्या बाजूला आणायला नळी हातात फिरवू लागला. उभ्या नळीला वरची बाजू नसते. तरी तो बराच वेळ फिरवत राहिला.