केजच्या बाहेरचं रग्बीचं मैदान

केजच्या बाहेर, जिथे शेतं संपायच्या आतच प्लॉटिंग सुरू होतं, तिथे आमच्या संस्थेने मुलांची निवासी शाळा काढली. घरं अजून यायची होती. कमान, पथदिवे आणि शाळा मात्र आधीच येऊन उभी. मी तिथला क्रीडाशिक्षक. उभी हयात कबड्डीत गेली. पोट सुटलं तरी मांडी थोपटली की अजून कबुतरं उडतात.

संस्थाचालकांना सगळे आबा म्हणतात. पुण्यात कुठल्या तरी शाळेत त्यांनी रग्बी पाहिली आणि परतले ते लांबोडका चेंडू काखेत मारूनच.

"सर, कबड्डी तर गल्लीत बी खेळतेत. आपल्याला रग्बी पायजे. मोठ्या घरची पोरं येतेल."

"आबा, मला त्यातलं काही येत न्हाई."

"इथं कुणाला येतंय? चूक काढणार कोण?"

युक्तिवाद इतका देखणा होता की मी जागेवरच प्रशिक्षक झालो. जाता जाता ते म्हणाले, "विभागाला जिंकलात तर मागचं मैदान कायमचं पोरांचं. न्हाईतर तिथं दुसरी इमारत. प्रवेशाला लई गर्दी हाय."

वसतिगृहातल्या पोरांना संध्याकाळी पाय मोकळे करायला तेवढीच जागा होती. मग काय, जीव तोडून खेळली. नियम आम्ही मोबाइलवर बघून शिकलो. एकच नियम काही केल्या अंगात मुरेना: गडी खाली पाडला की त्याला लगेच सोडायचं.

"अरे, सोड बे त्याला!"

"सर, एवढ्या मुश्किलीनं धरला, सोडू कावून?"

"नियम हाय."

"मग धरायचाच कावून?"

मी शिट्टी फुंकून पुन्हा खेळ सुरू केला.

विभागीय सामन्यात आमच्या उमापूरकडच्या कर्णधाराने पहिल्याच मिनिटाला समोरच्याचा घोटा धरला. दुसऱ्याने कंबर आवळली, तिसरा वर पडला. काय पकड होती! कबड्डी असती तर मी फेटा उडवला असता. पंच शिट्टी फुंकून लालबुंद झाला आणि आमची पोरं त्याच्याकडे बघत राहिली, की हा गड्याला बाद कधी देणार? चेंडू समोरच्यांना मिळाला, ते पळत सुटले. सामनाभर हेच चाललं. आम्ही दणक्यात हरलो.

परतताना जीपमध्ये कर्णधाराने हळूच विचारलं, "मैदान गेलं ना सर?"

"आबांशी बोलतो मी," म्हणालो.

शाळेमागे जीप वळली आणि पोरांनी एकच कल्ला केला. मैदानावर पांढरीशुभ्र फक्की मारलेली! "सर, आबांनी मैदान आखून दिलं!" चालत्या जीपमधून उड्या टाकून ती रेघांमधून चेंडू फेकत धावायला लागली. मलाही क्षणभर नाचावंसं वाटलं. मग चौकोन दिसले, खोल्यांएवढे, दारासाठी फट सोडलेले.

कोपऱ्यात गवंडी दोरी गुंडाळत होता. "सकाळीच सुरू केलं सर. पोरं न्हवती, बरं झालं."

"आबांनी निकालाचं काही विचारलं?"

"कसला निकाल?"

मी शिट्टी खिशातच ठेवली. अंधार पडेपर्यंत पोरं खेळली.

दुसऱ्या दिवशी आबांनी बोलावलं. "सर, बुद्धिबळ शिकवा. त्याला जागा लागत न्हाई."

सध्या आम्ही वऱ्हांड्यात बुद्धिबळ खेळतो. पोरं कंटाळली की कठड्याशी जाऊन उभी राहतात आणि स्लॅब कुठवर आला ते बघतात.