वाटणीकाकांचा सारखा वाटा

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांना सगळी इमारत वाटणीकाका म्हणते, आणि त्यात इमारतीची काही चूक नाही. केक कापायचा तर हे आधी फूटपट्टी आणणार. दोन दात आलेला भाचा असो की त्याचा पैलवान बाप, तुकडा अगदी सारखा.

या वयात काकांना डॉक्टरेटची हौस. विषय काय, तर मातीच्या धरणातून पाणी कसं झिरपतं. मातीचे शेकडो नमुने, आणि प्रत्येकासाठी तेच लांबलचक गणित. मुदत वाढवून वाढवून विद्यापीठाने हात टेकले होते. सोमवारी निकाल दिले नाहीत तर नोंदणी रद्द. एकट्या कॉम्प्युटरला महिना लागला असता. म्हणून काकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आणि नमुने वाटून दिले. कसे? अर्थातच सारखे.

शनिवारी दुपारी बाकीचे कॉम्प्युटर आपापलं काम उरकून स्वस्थ बसले. खिडकीजवळचा जुनाट डबा तेवढा आपल्या वाट्यात रुतून घरघरत होता. त्याच्या चालीने बुधवार उजाडला असता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

तसल्याच चेहऱ्याने ते घरच्यांबरोबर बाजारात गेले. येताना पिशव्या नेहमीप्रमाणे सारख्या वजनाच्या. काकू आणि मुलगी केव्हाच वर पोचून बंद दाराशी ताटकळल्या, कारण किल्ली आक्कांकडे, आणि काकांच्या या थोरल्या बहिणीने पहिल्याच जिन्यावर बसकण मारलेली.

"बस तूही," आक्का म्हणाल्या. "मी येईपर्यंत त्या दोघी दाराला टेकूनच उभ्या राहणार. पिशव्या मात्र अगदी सारख्या हं."

काका एकदा आक्कांकडे, एकदा वर बघत राहिले. मग पिशवी तिथेच टाकून कॉलेजकडे पळाले. बटाटे शेजाऱ्यांनी वेचले.

आता कुणाचा वाटा ठरलेला नाही. उरलेले नमुने रांगेत. जो मोकळा होईल त्याने पुढचा उचलायचा. डब्याने एक संपवेपर्यंत बाकीच्यांनी ढीग उपसला. रविवारी सकाळी सगळं हातात. सोमवारी विद्यापीठात पोच मिळाली तेव्हा काकांनी असा श्वास सोडला की कारकुनाचे कागद उडाले, असं काकू सांगतात. काकूंचा हात मीठमसाल्याला जरा सढळच.

पुढच्या बाजाराला काकांनी आक्कांच्या हाती नुसती छत्री दिली.

"एवढंच? म्हातारी समजतोस का मला?" म्हणत आक्कांनी त्यांचीच पिशवी ओढून घेतली आणि धापा टाकत निघाल्या. काका हसत मागून, पायरीपायरीला थांबत.

किल्ली मात्र या वेळी मुलीच्या खिशात होती.