फलकावरून खोडलेली आग

अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या एखाद्या सुतारकामाच्या वर्कशॉपवरून गाडी गेली, की ताज्या कापलेल्या लाकडाच्या वासाने माझं डोकं आजही तापतं. अबुधाबीच्या एका मॉलमध्ये आमच्या कंपनीने जपानमधल्या नागोयाच्या किल्ल्याची आणि त्यातल्या राजवाड्याची लाकडी प्रतिकृती उभी केली होती. माहितीचा फलक मी लिहिला होता: महायुद्धात बॉम्ब पडून दोन्ही जळाले, आधीच हलवलेली दारांवरची चित्रं वाचली, आणि आजचा राजवाडा नव्याने बांधलेला आहे. मॅनेजरने आगीचा भागच काढून टाकला. "लोग सेल्फी लेने आते हैं. चार सौ साल पुराना लिखो, खलास." मी भांडले, पण फलक त्याच्याच शब्दांत छापला गेला. उद्घाटनाला एक वयस्कर जपानी बाई आल्या. फलक वाचून त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "हे कोणी लिहिलं? माझ्या आईने तो राजवाडा जळताना पाहिला होता." मॅनेजरने हसत माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मी आग लिहिली होती, यांनी ती खोडली," मी क्लायंटसमोरच, म्हणजे मॉलच्या मालकांसमोरच म्हणाले. "कल से मत आना," तो म्हणाला. हिंदी कळत नसलं, तरी त्याच्या सुरावरून आपल्यामुळे हिची नोकरी गेली असं त्या बाईंना वाटलं असावं. त्या माझ्यापुढे कमरेत वाकल्या आणि "सॉरी" म्हणाल्या. मला पुढे दुसरी नोकरी मिळाली. पण माफी मागायला हवी होती त्याने आणि मागितली त्यांनी, हे मला अजूनही सहन होत नाही.